कळवतो म्हणाले

मी बी.एस्सी. झाले त्या वर्षीची ही गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वरवंडच्या पुढं कालव्याच्या अंगाला आमची वस्ती होती. सात-आठ घरं, सगळी धनगरांची. आजोबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, लहानपणी त्यांच्याबरोबर ती वाट चालले होते. पुढं कालव्याचं पाणी मिळालं, मेंढरं विकली, आणि थोडी जमीन नि दोन जर्सी गाया यांच्यावर घर एका जागी बसलं. आण्णांना वाचता यायचं, पण सावकाश, ओठ हलवत. मला शिकवायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याचं कारण काही फार मोठं नव्हतं. त्याचं कारण दूध होतं.

आण्णा सकाळ-संध्याकाळ सायकलीला किटली अडकवून दूध सेंटरवर जायचे. तिथला माणूस नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत घालून यंत्रात फिरवायचा आणि फॅट सांगायचा. फॅट कधी मनासारखं लागायचं नाही. आण्णा म्हणायचे, गाईला पेंड घाला, मका घाला, नळीत काय दिसतं ते त्या माणसालाच दिसतं. एकदा त्यांनी नळी हातात मागितली. त्यानं दिलीसुद्धा. आण्णांनी ती उजेडाकडं धरली, खालवर केली आणि परत दिली. कुठली रेघ बघायची ते त्यांना समजलं नव्हतं. मागच्या रांगेतली माणसं हसली. हे त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा मी दहावीत होते. केमिस्ट्री शिकली की ती नळी वाचता येते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं आणि माझं तिथंच ठरलं.

म्हणून पाटसकडून दौंडला जाणाऱ्या रस्त्यावर एक नवी खासगी डेअरी उभी राहिली, आणि तिथं लॅब केमिस्टची एक जागा आहे असं कॉलेजातल्या मॅडमनी मला सांगितलं, तेव्हा आण्णांना वाटलं, ही जागा आपल्या पोरीसाठीच काढलीय. मी अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं.

आम्ही दोघं गेलो. आण्णांनी लग्नाकार्यातला पांढरा पटका बांधला होता. वॉचमननं त्यांना गेटच्या आत सोडलं नाही, ते रस्त्यापलीकडं बाभळीखाली बसून राहिले. आत बाकावर माझ्याशिवाय तीन मुलगे होते. इस्त्रीच्या पँटी घातलेले, हातात प्लास्टिकच्या फायली. मी कॉलेजात घालायचे तोच पंजाबी ड्रेस घालून गेले होते आणि ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावल्या होत्या. त्यातली एक पिन सारखी टोचत होती.

मुलाखत घ्यायला तिघं होते. एकानं फॅट काढायची पद्धत विचारली, अ‍ॅसिड कुठलं, किती तीव्रतेचं. दुसऱ्या चष्मेवाल्या साहेबांनी दुधात युरिया मिसळला तर कसा ओळखायचा ते विचारलं. मला सगळं येत होतं. बोलता बोलता माझा आवाज मोठा झाला हे मलाच जाणवलं आणि मी तो खाली आणला. तिसरे साहेब इतका वेळ मान खाली घालून होते. त्यांनी विचारलं, लग्न ठरलंय का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, इथं रात्रपाळी असते, आणि गावाकडच्या मुली चार महिने येतात, मग हळद लागली की येत नाहीत. मी म्हटलं, रात्रपाळी करीन. ते पुन्हा मान खाली घालून काहीतरी लिहायला लागले.

निघताना चष्मेवाले साहेब उठून दारापर्यंत आले. म्हणाले, "आठवड्याभरात फोनवर कळवतो."

बाहेर आल्यावर आण्णांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की कोणी उठून आलं का. मी सांगितलं की एक साहेब दारापर्यंत आले. आण्णांनी पटका सारखा केला आणि म्हणाले, "मग झालं काम." त्यांच्या हिशेबी जो माणूस निरोप द्यायला उठतो त्यानं मनातून होकार दिलेला असतो. परतीच्या जीपमध्ये त्यांनी ड्रायव्हरला सांगून टाकलं की आमची पोरगी डेअरीत लागतीय, रोज सकाळी तुझ्या गाडीत एक जागा धरून ठेव. तो वडाप चालवणारा माणूस चांगला होता. म्हणाला, "बाईमाणसाला म्होरची शीट दीन, मामा, काळजी नका करू."

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी आमच्या घरी पाच ठिकाणची माणसं पोहे खाऊन गेली होती. आई भाकरी थापत होती, ती मान वर न करता म्हणाली, "पोरगी बघाय येत्यात आन् जाताना कळवतो म्हणत्यात. त्यातलं कुणी कवा कळवलंय का?"

आण्णा म्हणाले, लग्नाची गोष्ट निराळी आणि कंपनीची निराळी, तिथं शिकलेली माणसं असतात. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि चुलीत लाकूड सारलं.

फोन आमच्याकडं नव्हता, वस्तीवरच कोणाकडं नव्हता. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर एका बागायतदारांचा बंगला होता. त्यांचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं, गावातल्या सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आण्णा त्यांना विचारायला गेले तेव्हा आप्पांनी एका शब्दानं हो म्हटलं होतं. आपल्या इथली पोरगी नोकरीला लागली तर आपल्यालाच भूषण आहे, असं म्हणाले. तोच नंबर मी अर्जात दिला होता. फोन आला तर गड्याला बांधावरून हाक मारायला सांगू, असं ठरलं.

पहिल्या आठवड्यात मी लांबच्या वावरात गेले नाही. घराभोवतीच राहिले. अडचण अशी की गुऱ्हाळ सुरू झालं होतं, आणि उसाच्या चरकाचं इंजिन दिवसभर धडधडायचं. त्या आवाजात बांधावरून मारलेली हाक ऐकू येईल का याची मला खात्री वाटेना. मग मी बांधावर जाऊन उभी राहायला लागले. हातात खुरपं घ्यायचे, म्हणजे उभं राहण्याला काहीतरी कारण दिसायचं. आठवडा संपला. दुसरा आठवडाही अर्धा गेला. एक दिवस आप्पांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो, मला पडवीतून बोलावलं. उन्हात कशाला उभी राहतेस, फोनची वाट बघायची तर आत बसून बघ, म्हणाल्या.

मी आत बसले. हॉलमध्ये कोपऱ्यात स्टुलावर फोन होता, त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला. मी त्याच्यासमोर जमिनीवर भिंतीला टेकून बसायचे. पण दुसऱ्याच्या घरात नुसतं किती वेळ बसणार? काकू तूर निवडत होत्या, मी सूप ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेंगा फोडल्या. मग मिरच्यांची देठं काढली. मग काकू म्हणाल्या, आलीच आहेस तर तेवढा लसूण सोल. गुऱ्हाळावर माणसं जेवायला असायची, भाकऱ्यांचा मोठा व्याप असायचा. काही दिवसांनी मी सकाळी आमच्या घरची भांडी घासून सरळ बंगल्यावर जायला लागले आणि दिवस मावळताना परत. काकूंनी मला कामाला ये असं कधीच म्हटलं नाही. मीही कामाला जाते असं कधी म्हटलं नाही. मी फोनसाठी जात होते.

आईच्या ते लक्षात आलं. एक दिवस तिनं माझा हात धरून मनगटाजवळचा डाग बघितला. फोनसाठी बसतेस, मग भाजलं कशानं, असं तिनं विचारलं. काकूंकडं पाहुणे होते, भजी तळताना तेल उडालं होतं. मी म्हटलं, असंच. तिनं डागाला तूप लावलं.

फोन दिवसात चार-पाच वेळा वाजायचा. वाजला की माझे हात थांबायचे. कणकेत असले तर कणकेत. काकू पदराला हात पुसून जायच्या आणि मोठ्यानं हॅलो म्हणायच्या. बारामतीची बहीण असायची, नाहीतर ट्रॅक्टरवाला, नाहीतर गुळाचा अडत्या. सुरुवातीला काकू बोलता बोलता माझ्याकडं बघून मान हलवायच्या, तुझा नाही म्हणून. पुढं त्यांनी ते सोडून दिलं. दिवसातून चारदा एखाद्याला नाही म्हणायचं त्यांनाही जड जात असेल.

एकदा मीच वरवंडला जाऊन एसटीडी बूथवरून डेअरीला फोन लावला. एका बाईनं घेतला. मी नाव सांगितलं, मुलाखतीचं सांगितलं. ती म्हणाली, साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुमचा नंबर आमच्याकडं आहे, कळवू. तिच्या मागं बाटल्यांचा खणखणाट ऐकू येत होता. फोन ठेवल्यावरही तो माझ्या कानात राहिला. मी त्या आवाजावर बरेच दिवस काढले. आत काम चाललंय, बाटल्या भरल्या जातायत, म्हणजे केमिस्ट लागणारच, असं काहीतरी मी मनाशी जुळवत बसायचे.

मग उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून बांधावरचा टेलिफोनचा खांब वाकला आणि लाइन बंद पडली. लाइनमन यायला बरेच दिवस लागले. फोन मुका होता तरी मी बंगल्यावर जातच होते, कारण आता काकूंचे पापड सुरू झाले होते. त्या दिवसांत मला पहिल्यांदा रात्री झोप लागेनाशी झाली. नेमका आताच फोन आला असेल तर? साहेबांनी दोनदा लावला असेल, लागला नाही म्हणून पुढचं नाव घेतलं असेल. लाइन सुरू झाल्यावरही तो विचार गेला नाही. उलट तोच मला सोयीचा वाटायला लागला. नोकरी मला मिळाली होती, फक्त खांब वाकला होता. असं समजणं 'नाही' ऐकून घेण्यापेक्षा बरं होतं.

तो वडापवाला रस्त्यात दिसला की गाडी हळू करायचा आणि विचारायचा, ताई, कवापासनं? मी हसायचे. पुढं पुढं त्याची गाडी लांबून दिसली की मी रस्ता सोडून आतल्या वाटेनं जायला लागले.

आई मात्र स्वस्थ बसलेली नव्हती. शिरूर तालुक्यात कवठे येमाईला तिच्या मावसबहिणीच्या नात्यात एक स्थळ होतं. मुलगा शेती बघत होता, थोडाफार शिकलेला होता. आई दर आठ-दहा दिवसांनी तो विषय काढायची. आण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं, नोकरीचं काय ते कळू दे, मग बघू.

थंडी संपता संपता एक दिवस आण्णा म्हणाले, मी यवतच्या बाजाराला जातोय, पेंडीचा भाव बघून येतो. पटका बांधून गेले. संध्याकाळी आले ते पेंड न घेता. पिशवीत माझ्यासाठी पेरू आणले होते. मला म्हणाले, तिथून उलटा पाटसकडं, डेअरीपर्यंत जाऊन आलो. मी चुलीपुढून उठूनच उभी राहिले. त्यांनी पायावर पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि सांगितलं की मोठे साहेब बाहेरगावी आहेत, ते आले की निकाल लागेल, आणि तुझं नाव वरच आहे असं तिथला माणूस म्हणत होता.

"वरच म्हणजे?" मी विचारलं.

"वरच म्हंजी पयलं," आण्णा म्हणाले. "घाई करायची न्हाई म्हनला. दमानं घ्या म्हनला."

मी त्या रात्री पेरू खाल्ले आणि झोपले. आईनं त्यांना, साहेब कधी येणार, एवढंच विचारलं. ते म्हणाले, ती मोठी माणसं, त्यांचं काही सांगता येत नाही.

त्यानंतर मी बंगल्यावर जायची ती निराळ्याच उमेदीनं. काकूंच्या शेवया केल्या, सांडगे घातले. जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली. काकूंनाही मी सांगितलं की माझं नाव पहिलं आहे. त्या म्हणाल्या, मग आम्हाला दूध फुकट मिळायला पाहिजे हो. असे उन्हाळ्याचे दिवस आले. कालव्याचं पाणी बंद झालं. आमच्या गाया आटल्या. गुऱ्हाळ थांबलं, आणि इंजिनाचा आवाज गेल्यावर बंगल्यातला फोन आमच्या अंगणातूनसुद्धा ऐकू यायला लागला.

एप्रिलच्या सुरुवातीला डिग्रीचं सर्टिफिकेट आणायला मला दौंडला जावं लागलं. एकटीच गेले. कॉलेजातलं काम लवकर झालं. परत येताना डेअरीचा फलक दिसला आणि मी जीपवाल्याला थांबवलं. आधी ठरवलेलं नव्हतं. गेटवर तोच वॉचमन होता. मी विचारलं, मोठे साहेब बाहेरगावाहून आले का. तो म्हणाला, साहेब कुठं गेलेच नव्हते. मग मी केमिस्टच्या जागेचं विचारलं.

"ती जागा? ती तवाच भरली, ताई," तो म्हणाला. "दिवाळीच्या आदीच पोरगा आला कामावर." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "तुम्ही त्या पटकेवाल्या मामांच्या का? त्यानला सांगितलं हुतं की म्या. लई वेळ बसले हुते ते हितं. ऊन झालं तवा मी पानी दिलं त्यानला."

दिवाळीच्या आधी म्हणजे मुलाखतीनंतर लगेच. मी बांधावर खुरपं घेऊन उभी राहायचे तेव्हाच तो मुलगा रुजू झाला होता. खांब वाकला त्याच्याही कितीतरी आधी. आतल्या इमारतीच्या खिडकीत पांढरा कोट घातलेलं कोणीतरी पाठमोरं दिसत होतं. मुलाखतीला बाकावर होते त्या तिघांतलाच एक का दुसराच कोणी, ते कळलं नाही. वॉचमननं मलाही पाणी विचारलं. मी नको म्हटलं आणि रस्त्यावर आले.

पाटसपर्यंत मी चालत गेले. ऊन खूप होतं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नोकरी गेली याचं मला तितकंसं काही वाटत नव्हतं, ते बहुधा आतून केव्हाच समजलेलं होतं. सारखे आण्णा डोळ्यांपुढं येत होते. बाभळीखाली बसलेले, वॉचमनचा तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी पिणारे, आणि मग उठून कुठंतरी पेरू घेणारे. रागही येत होता. कोणाचा येतोय ते ठरवता येत नव्हतं.

संध्याकाळी आण्णा गोठ्यात शेण ओढत होते. मी जाऊन खांबाला टेकले. म्हटलं, मी डेअरीवर गेले होते.

त्यांचे हात थांबले नाहीत. फावडं खरवडत राहिलं. मग त्यांनी ते भिंतीला लावलं.

"आईला सांगितलंस का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं तुम्ही. एवढे दिवस मी तिथं बसत होते. त्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला. आण्णा फारसे बोलणारे नव्हते. त्यांना वाक्यं जुळवायला वेळ लागायचा.

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिशी कवठ्याची मानसं आली असती," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी काय सांगनार हुतो? वाट बघतीया म्हनून तू घरात हायेस. वाट बघायची सपली की मग काय ऱ्हातं?"

मी म्हटलं, दुसरीकडं अर्ज करता आला असता.

ते म्हणाले, "व्हय. ते माज्या ध्यानात न्हाई आलं."

हे ते अगदी सरळ म्हणाले. त्यांना एकच डेअरी माहीत होती. जगात आणखी कुठं केमिस्ट लागत असतील, पुण्याला, भोसरीला, ते त्यांना सांगायला हवं होतं, पण ते मलाही धड माहीत नव्हतं. मला दौंडपलीकडं एकटीनं जाता येत नव्हतं. आम्ही दोघं तिथं उभे होतो आणि आमच्यात मिळून तेवढंच ज्ञान होतं. गाईनं शेपटी झटकली ती त्यांच्या तोंडावर बसली. त्यांनी तोंड पुसलं आणि मला घरात जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेले. न जाऊन कसं चाललं असतं? का आली नाही असं काकूंनी गड्याकरवी विचारलं असतं, मग आईला कळलं असतं. काकूंच्या कुरडया घालायच्या होत्या, पहाटेच चीक शिजवून तयार होता. गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरून आम्ही साच्यानं कुरडया पाडत बसलो. खाली फोन वाजला. काकू म्हणाल्या, जा गं, तुझाच असेल. मी खाली गेले आणि घेतला. आप्पांसाठी होता. निरोप ऐकला, वर येऊन सांगितला आणि साचा पुन्हा हातात घेतला. उन्हं वर येईपर्यंत आम्ही सगळा कागद भरला. काकू म्हणाल्या, तुझ्या हाताला वळण चांगलं आहे, सासरी नाव काढशील.

असं आणखी काही आठवडे चाललं. आण्णा आईला सांगत राहिले की अजून कळायचंय. पण त्यांच्या सांगण्यात जोर राहिला नव्हता आणि आईला तो न राहिलेला लगेच समजला. तिनं भांडण केलं नाही. तिनं कवठ्याला निरोप धाडला. माणसं आली, मी चहा नेला. त्यांनी शिक्षण विचारलं, मी सांगितलं. मुलाचे वडील म्हणाले, शिकलेली आहे तर बरंच आहे, दुधाचा हिशोब तरी बघेल. पाऊस सुरू व्हायच्या आत लग्न उरकलं. बंगल्यावरून काकूंनी साडी आणि पितळेचा डबा पाठवला. डब्यात कुरडया होत्या.

सासर वाईट नव्हतं. नवरा समजूतदार होता. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी रांजणगावला कारखाने वाढले तेव्हा तोच मला मोटरसायकलवरून घेऊन गेला. एका औषधाच्या कंपनीच्या गेटवर खूप गर्दी होती. वॉचमन सगळ्यांचे बायोडाटा एका खोक्यात टाकून घेत होता. मी माझाही टाकला. त्यात मधल्या वर्षांत काय केलं असं लिहायची जागा होती, तिथं मी रेघ मारली होती. खोकं भरल्यावर त्यानं ते पायानं बाजूला सरकवलं आणि दुसरं मांडलं. तिथून कोणी बोलावलं नाही. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्यानंतर मी कुठं अर्ज केला नाही. केमिस्ट्रीची पुस्तकं माळ्यावर होती, ती सासूबाईंनी एकदा मला विचारूनच रद्दीत दिली. मीच हो म्हटलं होतं.

एका वर्षी यात्रेला आण्णा कवठ्याला आले. थकले होते, पटका सोडून टोपी वापरायला लागले होते. दुपारी मी अंगणात कांदा निवडत बसले होते, मोठा एका बाजूला, बारकी गोल्टी एका बाजूला. ते बाजेवर बसून बघत होते. घरात कोणी नव्हतं.

"तुला तवाच सांगाय पायजे हुतं का गं?" त्यांनी विचारलं.

मी कांदे निवडत राहिले. मी म्हटलं, नाही. तुम्ही केलं ते बरोबर केलं. मला आजही सांगता येणार नाही की ते मी खरं बोलले का. त्या महिन्यांत मी जितकी आशेवर होते तितकी पुन्हा कधी झाले नाही, एवढं खरं आहे. आणि ती आशा त्यांनी पदरची दिली होती, बाहेर तिला काही आधार नव्हता, हेही खरं आहे.

त्यांनी मान हलवली. राहा म्हटलं तरी राहिले नाहीत, गाई आहेत म्हणाले. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. यात्रेमुळं एसटीला पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टरनं त्यांना दंडाला धरून वर ओढलं, आणि मागच्या माणसानं दार लावून घेतलं. काचेतून फक्त टोपी दिसत होती. मी हात केला. त्यांना दिसला की नाही कोणास ठाऊक. घरी कांदा तसाच पसरलेला होता आणि आभाळ भरून आलं होतं, म्हणून मी लवकर परतले.